अंगणातला वाफा : हरभरा की खरबूज?

आमच्या घरामागे दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद एवढी मोकळी जागा आहे. या जागेवरून दरवर्षी माझा आणि सासूबाईंचा वाद ठरलेला. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. अम्मांना तिथे खरबूज हवं असतं आणि मला हरभरा. त्यांचं म्हणणं, हरभरा काय दुकानात पोत्यानं मिळतो, अंगणात लावायचं तर मुलं वाट बघतील असं काही लावावं. माझं म्हणणं पाण्याचं. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही भरवशाचा नाही. फेब्रुवारीनंतर घरात पाणी कुणी भरायचं, हा प्रश्न आमच्याकडे बायकांचाच असतो.

आधी हरभऱ्याबद्दल. कुणाची खोटी तारीफ केली की आपण ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवलं’ म्हणतो. वर्गात हा वाक्प्रचार शिकवला की मी मुलांना झाड दाखवायला बाहेर नेते. गुडघ्याएवढं झुडूप बघून ती हसतात आणि अर्थ पुन्हा सांगावा लागत नाही. हे झुडूप ऑक्टोबरच्या मध्यावर, जमिनीत पावसाची ओल असताना टोकायचं. त्यानंतर थंडी आणि रात्रीचं दव त्याला पुरतं. मी फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, असं दोनदाच पाणी देते. काळ्या जमिनीत जास्त पाणी दिलं तर उलट पीक पिवळं पडतं, मर लागते. लाडानं बिघडणारं झाड आहे ते.

परसबागेत हरभऱ्याची खरी कमाई दाण्याआधीच सुरू होते. पेरल्यावर महिनाभरात कोवळे शेंडे खुडायचे. खुडल्यानं बाजूला फांद्या फुटतात, म्हणजे भाजी मिळते आणि पुढे घाटेही जास्त लागतात. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा खुडता येतं. फुलं दिसू लागली की मात्र हात आवरायचा. पानांवर आंब असते, म्हणून भाजीला आंबटपणा येतो. पूर्वी पहाटे पिकावर कपडा पसरून ही आंब गोळा करायचे, पोटदुखीवर ठेवायचे. लसूण आणि सुकी मिरची घालून केलेली ही भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर उत्तम लागते. आमच्या घरी ती गोश्तातही पडते. उरलेली पानं सावलीत वाळवून डब्यात भरली की उन्हाळ्यात भाजीचा प्रश्न चार दिवस सुटतो. जानेवारीत सोलाणे निघतात, आणि मुलं डहाळे काट्याकुट्यांवर भाजून हुळा करतात. घाटेअळीवर रोज सकाळी नजर ठेवावी लागते. एवढ्याशा वाफ्यात ती हातानं वेचता येते.

खरबुजाचं सगळं उलटं. थंडीत त्याचं बी रुजत नाही, ऊन चढायला लागलं की रुजतं. एकेक वेल पाच-सहा फूट पसरतो, म्हणून आमच्या वाफ्यात तीनच आळी मावतात. पहिली फुलं नुसतीच गळतात. ती नर फुलं असतात, घाबरू नये. ज्या फुलाच्या मागे बारीक गोळी दिसते, तेच फळ धरतं, आणि तेसुद्धा मधमाशी आली तर. माश्या नसतील तर सकाळी नऊच्या आत नर फूल तोडून त्याचे पराग त्या फुलावर हलकेच टेकवावे लागतात. एवढं करून एका वेलाला दोन-तीन चांगली फळं. पाणी मात्र एप्रिलमध्ये वेलामागे एक दिवसाआड एक बादली. फळ पिकायला लागलं की पाणी तोडायचं, नाहीतर गोडी उतरते आणि फळ तडकतं. पिकलेलं खरबूज ओळखायला सोपं आहे. वास दारापर्यंत येतो आणि देठ हलक्या हातानं सुटतो. देठ ओढावा लागत असेल तर दोन दिवस थांबावं.

२०१९चा उन्हाळा आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. अम्मांनी हट्टानं तीन वेल लावले होते. त्यांना सात फळं धरली आणि मग पाणी संपलं. प्यायच्या घागरीतलं पाणी वेलाला घालायला मी नाही म्हटलं, जरा जोरातच म्हटलं. आठवडाभरात पानं कागदासारखी झाली. लिंबाएवढी, मोसंबीएवढी फळं तशीच सुरकुतली. अम्मा काही बोलल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच वाट काढली. मोरीवर वुजू करायचं बंद केलं. वाफ्याच्या कडेला एक फरशी टाकून घेतली, त्यावर पाट, आणि समोर वेलाचं आळं. घरात आम्ही सहा माणसं. पाच वक्तांचं वुजूचं पाणी मोजून बघितलं तर रोज दीड-दोन बादल्या भरतं, आणि त्यात साबणाचा थेंब नसतो. नमाज झाली, वेलही जगले. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणीही तिकडेच जाऊ लागलं. तेव्हापासून पाण्याचा मुद्दा माझ्या हातून गेला.

मग ध्यानात आलं की वाद जागेचा नव्हताच. सोलाणे काढून वाफा जानेवारीअखेर मोकळा होतो आणि खरबूज फेब्रुवारीतच लावायचं असतं. एकच वाफा दोघांना पुरतो. फक्त हरभरा उपटायचा नाही, जमिनीलगत विळ्यानं कापायचा. त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र धरून ठेवतात. मुळं आत कुजली की त्यातलं थोडं खरबुजाला मिळतं. तेवढ्यावर भागत नाही, आळ्यात शेणखत लागतंच. आमची माती काळी आणि चिकट, म्हणून मी दोन पाट्या वाळूही मिसळते.

रमजानचा हिशेबही या वाफ्यानं शिकवला. २०२२मध्ये रोजे एप्रिलभर होते. इफ्तारच्या दस्तरखानावर खजुराशेजारी आमच्या वेलाचं खरबूज होतं, आणि अम्मांनी पहिली फाक शेजारच्या घरी पाठवली. पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६चे रोजे फेब्रुवारीत सुरू झाले. तेव्हा खरबुजाच्या बियांना जेमतेम कोंब होते, इफ्तारला घरच्या हरभऱ्याची उसळ होती. २०२८ आणि २०२९मध्ये रमजान जानेवारीत सुरू होईल, म्हणजे थेट सोलाण्यांच्या दिवसांत. एप्रिलचे रोजे पुन्हा येतील ते २०५४च्या सुमारास. मी तेव्हा सत्तरी ओलांडलेली असेन. अम्मांनी हा हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “ईदला नाही तर नाही, वेल लाव.”

शाळेच्या परसबागेतही आम्ही हाच क्रम ठेवला आहे. त्याला कारण वेगळं. दिवाळीच्या आसपास माझ्या वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. हरभरा टोकायला ती असतात, सोलाणे खायला नसतात. मार्च-एप्रिलमध्ये कारखाने बंद झाले की परततात, तेव्हा वाफ्यात फळं धरलेली असतात. मागं राहिलेल्या मुलांनी पाणी घातलेलं असतं. पहिली फाक कुणाची यावर भांडण होतं, ते मी होऊ देते.

शेवटी बियाण्याचं. हरभऱ्याचं फूल उमलण्याआधीच त्याचं परागीभवन झालेलं असतं, त्यामुळे घरचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवतं. खरबुजाची तशी खात्री नाही. दुकानातलं संकरित बी असेल तर ते पुढे बदलतंच. शिवाय शेजारी वाळूक किंवा शेंदाड असेल तर माश्या पराग इकडचे तिकडे करतात. यंदाचं फळ गोडच लागतं, त्याच्या बिया लावल्या की पुढच्या वर्षी फिकं निघतं. उर्दूत म्हणतात ना, खरबूजे को देखकर खरबूजा रंग पकड़ता है. म्हणून खरबुजाचं बी मी दरवर्षी नवं आणते. घरच्या बिया धुऊन, वाळवून, सोलून मगज काढायचं काम अम्मांकडे आहे. शीरखुर्म्यासाठी ते एका बरणीत जमा होतं, आणि त्या बरणीला आम्हा कुणाला हात लावायची परवानगी नाही.