आजीची सात लेकरं

आजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकींच्या डोळ्यांसमोर लाडवांचा डबा येईल, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं येईल. आमच्या आजीकडेही डबा होता, पण त्यात असायची वाळवलेली मोहफुलं. चामोर्शीच्या बाजूला तुम्ही कधी आला असाल तर चैत्राच्या पहाटे तो गोड, किंचित आंबूस वास तुम्हाला आठवेल. दिवस उजाडायच्या आत फुलं खाली पडतात, आणि ऊन वर चढायच्या आत, गुरांनी तोंड लावायच्या आत, ती वेचावी लागतात. आजी टोपली घेऊन अंधारात निघायची. फुलं वाळवून, काठीनं झोडून, निवडून ठेवायची. पावसाळ्यात घरातलं धान्य सरत आलं की ती फुलं शिजवून, तीळ घालून कुटून ती आम्हाला लाडू करून द्यायची. आता हेच लाडू प्रदर्शनात विकायला असतात म्हणे! आजीला ते कळलं असतं तर पोट धरून हसली असती.

तिचं जन्मसाल कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. रेशनकार्डावर एक जानेवारी १९४० अशी तारीख होती. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस एक जानेवारीला येतो, त्यातलीच ती. तिचं माहेर वैनगंगेच्या पलीकडचं. तेव्हा दोन्ही काठ चंद्रपूर जिल्ह्यातच होते. पुढे २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि आजीचं माहेर परजिल्ह्यात गेलं. ती म्हणायची, ‘‘नदी तेवढीच हाये वो, पन आता माहेर दूर झाल्यावानी वाटते.’’

लग्न होऊन आली तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची. घरी धानाच्या दोन बांध्या. आषाढात रोवणा लागला की गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून परे लावायचे, मग पोटात लेकरू असो की नसो. बाळंतीण झाली की अंधारी खोली, धूर आणि पाण्यासारखी पेज. त्याआधीचे नऊ महिनेही बेतानंच जेवायचं, कारण पोर मोठं झालं तर बाळंतपण अडेल ही भीती. मैत्रिणींनो, आज आपल्याला हे ऐकून राग येतो, पण त्या काळी कोसभरावर डॉक्टर नव्हता, रस्ता नव्हता, आणि अडलेली बाई बैलगाडीत मेलेली सगळ्यांनी पाहिलेली होती. भीती खोटी नव्हती, उपाय तेवढा उलटा होता.

आजीला सात लेकरं झाली. जगली चार. पहिली मुलगी तिसऱ्या दिवशी गेली. एक मुलगा बावीस दिवसांचा होऊन गेला. थंडीचे दिवस होते, तो दूध ओढेनासा झाला आणि त्याची छाती भात्यासारखी उडायला लागली. तिसरी मुलगी बसायला लागली होती, ती जुलाबांनी गेली. आजी हे कधी रडत सांगायची नाही. तांदूळ पाखडता पाखडता सांगायची, आणि बोलताना सुपाचा ताल चुकू द्यायची नाही.

दर महाशिवरात्रीला मात्र ती मार्कंड्याला जायचीच. चामोर्शीहून मार्कंडादेव अगदी जवळ. वैनगंगेच्या काठावरची ती जुनी कोरीव देवळं तुम्ही पाहिली नसतील तर एकदा जरूर पाहा. नदी तिथं वळसा घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून त्या पाण्याचं माहात्म्य मोठं. यात्रेत सारी मंडळी देऊळ बघतात, पाळण्यात बसतात, बांगड्या घेतात. आजी नुसती पाण्यात उभी राहायची. मार्कंडेयाची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊकच आहे : सोळाव्या वर्षी मरण ठरलेला पोरगा, त्यानं पिंडीला मारलेली मिठी, आणि हात हलवत परत गेलेला यम. मी लहानपणी एकदा विचारलं, ‘‘आजी, तू काय मागते गं?’’ ती म्हणाली, ‘‘मागत नाई बाई. इचारतो. त्याचं पोरगं वाचोलं, माहे काहून नाई?’’ (आमच्याकडे बाया अशाच बोलतात, ‘इचारतो’, ‘जातो’. शाळेत मी मुलींना प्रमाण मराठी शिकवते, पण आजीच्या तोंडचं वाक्य सुधारायचा मला काय अधिकार?)

देवानं उत्तर दिलं की नाही ते मला माहीत नाही. आजीनं आपल्यापरीनं एक उत्तर काढलं होतं. आईला माझ्या वेळी दिवस गेले तेव्हा आजीनं घरातला जुना कायदा मोडला. ‘‘पोटुशीले पोटभर पायजे,’’ म्हणून स्वतःच्या ताटातलं तिच्या ताटात वाढायची. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, काटवल, सात्या, बांबूचे वास्ते, मिळेल ते जंगलातून आणून रांधायची. शेजारणी म्हणाल्या, सून माजेल. आजीनं ऐकून घेतलं आणि वाढतच राहिली.

पुढे जिल्ह्यात जे झालं ते साऱ्या देशानं पाहिलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत तिथल्याच थोड्या शिकलेल्या बायांना तयार केलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास अडला तर तो चालू करणं, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देणं हे सगळं त्या घरी येऊन करू लागल्या. तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंकडे यातलं बरंचसं काम आलं. मी हे आजीला सोपं करून सांगितलं. बावीस दिवसांच्या पोराचं ऐकताना तिनं एवढंच विचारलं, ‘‘मंजे त्याले सुई भेटली असती तं?’’ मी गप्प राहिले.

मोहाचं फूल खाता येतं तसं पिताही येतं. आजोबांनी त्याची दुसरी बाजूच जास्त पाहिली. दारूबंदीसाठी जिल्हाभरच्या बाया उठल्या तेव्हा आमची आजीही कंबर कसून मोर्चात गेली, आणि घरी येऊन आजोबांनाच जेवायला वाढलं, एक शब्द न बोलता. १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात बंदी आली. चोरून काय चालतं ते तुम्हीही जाणता, मीही जाणते. पण उघड्यावरचं दुकान गेलं हेही काही थोडं नव्हे. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली ती २०१५ मध्ये. ‘‘आता माहेरीबी सुख,’’ म्हणाली. ती २०२१ मध्ये उठली, तेव्हा आजी नव्हती. ती २०१६ च्या पावसाळ्यात गेली, रोवणा चालू असताना.

तिची एक आठवण सांगायचीच राहिली. २०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या बाई घरी आल्या होत्या. ओसरीवर बसून त्यांनी नाव, वय, शिक्षण असं सगळं विचारलं. कुणी ‘लेकरं किती’ म्हटलं की आजी नेहमी ‘सात’ म्हणायची, आणि घरातलं कुणीतरी लगेच दुरुस्ती करायचं, ‘‘चार, चार.’’ त्या दिवशीही आजी सात म्हणाली आणि काकांनी तोंड उघडलं. पण बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. म्हणाल्या, ‘‘दोन्ही लिहायचं असतं. हयात किती ते वेगळं, आणि जन्मलेली किती ते वेगळं. मुलगे किती, मुली किती?’’

आजीनं पदर सावरला आणि बोटं मोजत सांगितलं. मुलगे तीन, मुली चार. बाईंचं लिहून होईपर्यंत ती कागदाकडे बघत राहिली.

‘‘गेलेल्यायचंबी लिवलं?’’

‘‘लिहिलं, आजी.’’

मग ती उठली आणि बाईंसाठी चहा ठेवायला आत गेली. तो चहा तिनं दुधाचा केला, आणि त्या नको नको म्हणत असताना जाताना त्यांच्या पिशवीत मोहाचे दोन लाडू घातले.