घरबसल्या दिलेले निकाल

पितृपक्षातील सोमवार, १५ सप्टेंबर २०२५. पहाटेचे साडेपाच वाजत होते. बाहेर दांडिया बाजाराच्या रस्त्यावर दूधवाल्यांची वर्दळ नुकती सुरू झाली होती आणि मी चहाचा पेला हाती घेऊन दूरचित्रवाणी संचासमोर येऊन बसले होते. अमेरिकेत त्या वेळी रविवारची सायंकाळ होती आणि लॉस एंजेलिसच्या पीकॉक थिएटरात सत्त्याहत्तराव्या एमी पारितोषिकांचा समारंभ सुरू होत होता. ‘या वयात हे काय खूळ?’ असे आमच्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी विचारून झाले आहेच. त्यांना मी जे उत्तर दिले तेच वाचकांस देते. सूनबाईंच्या कृपेने या स्पर्धेतल्या बहुतेक मालिका मी आधीच पाहिल्या होत्या. तीस वर्षे शाळेत उत्तरपत्रिका तपासण्यात गेली. ज्याने उत्तरपत्रिका वाचल्या त्याला दुसऱ्या परीक्षकाने किती गुण दिले हे जाणून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक नव्हे काय?

ज्यांना या पारितोषिकांची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पहिला समारंभ जानेवारी १९४९ मध्ये झाला, आणि तेव्हा तो केवळ लॉस एंजेलिस शहरातील कार्यक्रमांपुरताच होता. छायाचित्रण-यंत्रातील एका नळीला तंत्रज्ञ लाडाने ‘इमी’ म्हणत. तिचेच पुढे ‘एमी’ असे स्त्रीनाम झाले. पंख असलेली स्त्री हाती अणूची आकृती उंच धरून उभी आहे अशी ती मूर्ती. शिल्पकाराने आपल्या पत्नीलाच समोर उभे करून ती घडविली. आपल्याकडे एका गोष्टीची नेहमी गल्लत होते. २०२० मध्ये ‘दिल्ली क्राइम’ला आणि २०२३ मध्ये विनोदवीर वीर दास यांना मिळाले ते आंतरराष्ट्रीय एमी. ते अमेरिकेबाहेरील कार्यक्रमांसाठी असते आणि न्यूयॉर्कमध्ये वेगळ्या संस्थेकडून दिले जाते. मी लिहिते आहे ते मूळ एमीविषयी. येथे नटांची नामांकने नटच करतात, लेखकांची लेखक करतात. म्हणजे हा न्यातीचा निवाडा आहे, आणि न्यातीच्या निवाड्याचे सारे गुणदोष त्यात येतात.

समारंभाच्या सूत्रसंचालकाने, नेट बर्गात्झी यांनी, काढलेली युक्ती मला मुळीच रुचली नाही. मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला आपण एक लाख डॉलर देणार, परंतु विजेत्याने पंचेचाळीस सेकंदांपेक्षा अधिक वेळ भाषण केल्यास प्रत्येक सेकंदामागे हजार डॉलर कापणार, असे त्यांनी जाहीर केले. त्यामुळे कोणी आपल्या आईचे नाव घेऊ लागला की पडद्यावर आकडा घसरू लागे आणि सभागृहात हशा पिके. आकडा शेवटी शून्याच्याही खाली गेला. पुढे साडेतीन लाख डॉलर दिले गेले, ही गोष्ट चांगलीच. तरीपण आयुष्यात एकदाच लाभणाऱ्या क्षणी माणसाने कृतज्ञतेचा हिशेब सेकंदांत करावा, हा विनोद मला तरी समजला नाही.

आता निकालांकडे वळते. नाट्यमय मालिकांत सर्वश्रेष्ठ ठरली ती ‘द पिट’, आणि या निकालाला माझी पूर्ण संमती आहे. पिट्सबर्ग शहरातील एका रुग्णालयाचा तातडीच्या उपचारांचा विभाग, तेथील पंधरा तासांची एक पाळी आणि एकेका तासाचा एकेक भाग, असे पंधरा भाग. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. बाहेर बाकांवर ताटकळणारी माणसे आणि आत एकामागून एक येणारे रुग्ण, इतकाच प्रपंच. मुख्य डॉक्टरांची भूमिका करणारे नोआ वायली यांनी तीस वर्षांपूर्वी ‘ई. आर.’ या मालिकेत तरुण शिकाऊ डॉक्टर रंगविला होता. त्या भूमिकेसाठी त्यांना पाच वेळा नामांकन मिळाले आणि पाचही वेळा ते रिकाम्या हाताने परतले. यंदा त्यांना पहिले एमी मिळाले, तेव्हा त्यांनी ते त्या रात्री पाळीवर जाणाऱ्या आणि पाळीवरून परतणाऱ्या साऱ्यांना अर्पण केले. त्यांची आई परिचारिका होती हे ठाऊक असल्याने ते शब्द मला शिष्टाचाराचे वाटले नाहीत.

याच मालिकेतील मुख्य परिचारिका डॅना, म्हणजे कॅथरिन लनासा, यांना साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. विश्रांतीसाठी क्षणभर बाहेर उभ्या असलेल्या डॅनाला वाट पाहून संतापलेला एक रुग्ण तोंडावर ठोसा मारतो. त्यानंतर ती पुन्हा आत येऊन काम करते, पण तिच्या चालण्यात काहीतरी मोडलेले असते. मला मात्र सर्वाधिक आवडली ती भारतीय वंशाच्या सुप्रिया गणेश यांनी साकारलेली डॉक्टर समीरा मोहन. रुग्णाजवळ बसून त्याची हकीकत नीट ऐकते म्हणून तिला सहकारी मंदगती ठरवून चिडवतात. तिला नामांकनही नव्हते. चार वर्षांपूर्वी आमच्या ‘ह्यां’च्या छातीत कळ आली, तेव्हा रात्री दोन वाजता अशीच एक मंदगती मुलगी खाटेशेजारी स्टूल ओढून बसली होती आणि जेवणात काय खाल्ले येथपासून तिने विचारायला आरंभ केला होता. मी मनातून चरफडत होते. निदान तिनेच केले.

‘सेव्हरन्स’ला सत्तावीस नामांकने होती, सर्वांत अधिक. कचेरीतील स्मृती आणि घरातील स्मृती शस्त्रक्रियेने वेगळ्या केलेली माणसे, ही कल्पना विलक्षण खरी. पण दुसऱ्या पर्वात गूढावर गूढ रचण्याचा हव्यास मला जाणवला. त्यामुळे प्रमुख पारितोषिक हुकले याचे वाईट वाटले नाही. ब्रिट लोअर यांना प्रमुख अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले ते योग्यच, कारण एकाच चेहऱ्यात दोन बायका त्यांनी वेगळ्या ठेवल्या. परंतु मला खरा आनंद झाला तो ट्रॅमेल टिलमन यांच्या पारितोषिकाचा. नाट्यमय मालिकेतील साहाय्यक अभिनेत्याचा हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय नट. त्यांनी आपले पहिले अभिनयगुरू म्हणून आईचा उल्लेख केला, आणि ती माउली समोरच बसली होती.

त्यांच्या भूमिकेतील एक प्रसंग आपणांपैकी अनेकांना जवळचा वाटेल. हा मिलचिक नावाचा अधिकारी फार अवघड शब्द वापरतो अशी त्याच्या कामाच्या अहवालात तक्रार होते. मग तो आरशासमोर उभा राहून आपलेच एक भारदस्त वाक्य पुन्हा पुन्हा तासून लहान करीत जातो, शेवटी एकच शब्द उरेपर्यंत. ते पाहताना मला हसूही आले आणि कसेसेही झाले. गायकवाडी काळापासून आमच्या घरांत टिकून राहिलेली मराठी थोडी पुस्तकी आहे खरी. पुण्याहून पाहुणे आले की ‘काकू, तुम्ही अगदी छापल्यासारखं बोलता!’ म्हणून हसतात, आणि मग आम्हीही दोन दिवस वाक्ये तासून बोलतो. पाहुणे गेले की पुन्हा मूळपदावर.

विनोदी मालिकांचे पारितोषिक ‘द स्टुडिओ’ला गेले. सारी मिळून तेरा पारितोषिके तिने पटकाविली. विनोदी मालिकेने एका वर्षात मिळविलेली ही विक्रमी संख्या. चित्रपटसृष्टीने चित्रपटसृष्टीचीच थट्टा करावी आणि चित्रपटसृष्टीच्याच माणसांनी तिला तेरा वेळा गौरवावे, हे मी वर म्हटलेल्या न्यातीच्या निवाड्याचे उत्तम उदाहरण. सेथ रोगन चतुर आहेत, मी दोन-तीनदा खळखळून हसलेही. पण तेरा म्हणजे फारच झाले. ‘हॅक्स’मधील जीन स्मार्ट यांना त्याच भूमिकेसाठी चौथ्यांदा पारितोषिक मिळाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वय झालेल्या स्त्रीला विनोद करता येतो हे दाखविणारी माणसे तशीही कमीच आहेत.

आता ज्यासाठी मी पहाटे उठले त्या मालिकेकडे येते. ‘ॲडोलेसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका मार्च २०२५ मध्ये प्रसारित झाली. तेरा वर्षांच्या जेमी मिलरवर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप येतो आणि सकाळी सहाच्या सुमारास पोलीस दार फोडून त्याच्या निजण्याच्या खोलीत शिरतात, येथे आरंभ. प्रत्येक भाग सलग एकाच दृश्यात चित्रित केलेला, मध्ये कोठेही काटछाट नाही. एक चूक झाली की आरंभापासून पुन्हा. या युक्तीचा दिमाख प्रथम डोळ्यांत भरतो, पण दहा मिनिटांत तिचा विसर पडतो, आणि हेच तिचे यश. डोळे मिटून घेण्यासाठी एक क्षणही दिलेला नाही. दिग्दर्शनाचे पारितोषिक फिलिप बॅरंटिनी यांना, लेखनाचे जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांना, आणि ग्रॅहम यांनाच पित्याच्या भूमिकेसाठी अभिनयाचे. यांतल्या एकाही निकालाविषयी वाद संभवत नाही.

जेमी झालेला ओवेन कूपर हा पंधरा वर्षांचा. अभिनयाचे एमी मिळविणारा तो सर्वांत लहान पुरुष नट ठरला. त्याने कॅमेऱ्यासमोर केलेले हे पहिलेच काम, आणि चित्रीकरणास आरंभ झाला तो सर्वांत कठीण अशा तिसऱ्या भागाने, ज्यात एका खोलीत तो आणि मानसशास्त्रज्ञ बाई यांखेरीज जवळजवळ कोणी नाही. क्षणापूर्वी लाघवी असलेला पोर क्षणात ओरडून उठतो, आणि त्या बाई घाबरल्या हे पाहून त्याला बरे वाटते. ते बरे वाटणे या मुलाने कोठून आणले, देव जाणे. त्या बाईंच्या भूमिकेसाठी एरिन डोहर्टी यांना पारितोषिक मिळाले.

येथे मात्र माझा परीक्षकांशी मतभेद आहे. त्याच गटात क्रिस्टिन ट्रेमार्को यांचेही नामांकन होते. त्या जेमीची आई. चौथ्या भागात बापाचा पन्नासावा वाढदिवस असतो. कोणीतरी त्याच्या गाडीवर घाणेरडा शब्द रंगवून ठेवलेला असतो. आणि ही बाई दिवसभर घर सावरीत राहते. न्याहारी करायची, नवऱ्याला शांत करायचे, मुलीकडे लक्ष द्यायचे. शेवटी पलंगावर नवरा-बायको बसतात आणि बोलतात की मुलगा घरातच होता, आपल्या खोलीत, दार लावून; तेथे तो सुखरूप आहे असे आपण समजत होतो. डोहर्टी यांचा अभिनय पाहून मी थक्क झाले. ट्रेमार्को यांचा अभिनय आहे हे माझ्या ध्यानातच आले नाही. मी गुण त्यांना दिले असते.

या मालिकेने इंग्लंडात मोठी खळबळ उडविली. पंतप्रधान कीअर स्टार्मर यांनी ती आपल्या किशोरवयीन मुलांसमवेत पाहत असल्याचे संसदेत सांगितले, निर्मात्यांना चर्चेस बोलाविले, आणि तेथील माध्यमिक शाळांना ती विनामूल्य दाखविण्याची सोय करण्यात आली. आमच्या घरातील खळबळ लहान होती. माझा नातू तेव्हा चौदाव्या वर्षात होता. रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी, माझ्याशी मराठी, अशा तीन भाषा तो सहज बोलतो, आणि याचा मला अभिमान. दुसऱ्या भागात तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला त्याचाच मुलगा शाळेच्या एका खोलीत नेऊन समजावतो की, ज्या चित्रखुणांना तुम्ही मैत्रीच्या समजलात त्या टोमण्याच्या आहेत. कोणत्या रंगाच्या हृदयाचा काय अर्थ, गोळीचा काय, शंभराच्या आकड्याचा काय. बाप इतके दिवस तेच संदेश पुन्हा पुन्हा वाचत होता आणि त्याला एक अक्षर कळले नव्हते. ते पाहून सूनबाई आणि मी एकमेकींकडे पाहिले. नातवाच्या खोलीचे दार नेहमीप्रमाणे लावलेले होते.

त्या सोमवारी सकाळी ओवेन कूपरचे नाव पुकारले गेले तेव्हा नातू दात घासण्याचा ब्रश तोंडात धरून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा होता. काही वर्षांपूर्वी आपण नाट्यवर्गाला जाऊ लागलो तेव्हा अमेरिकेपर्यंत पोहोचू असे वाटले नव्हते, फजिती झाली तरी काय बिघडते, अशा अर्थाचे काहीतरी तो मुलगा बोलत होता. ‘आजी, हा माझ्याहून थोडाच मोठा आहे,’ नातू म्हणाला. मी म्हटले, ‘हो. बस जरा.’ तो बसला. शाळेला उशीर होणार हे आम्हा दोघांनाही दिसत होते.

मग मी माझ्या दूरध्वनीवर त्याच्याच चुलतभावाने पाठविलेला एक संदेश त्याच्यापुढे धरला आणि त्यातल्या पाच चित्रखुणांचे अर्थ विचारले. चार त्याने पटापट सांगितले. दोहोंचे अर्थ मी समजत होते त्याच्या नेमके उलट निघाले. पाचवीपाशी तो थांबला, हसला आणि ‘ती काही नाही गं, तशीच असते,’ म्हणून तोंड धुवायला निघून गेला. मी नंतर सूनबाईंना विचारले. त्यांनाही ठाऊक नव्हते.