चाचणी कशाची? दुधाची की नायट्रोजनची?



बाळाच्या दूध पावडरच्या डब्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते : प्रथिने इतके ग्रॅम. हा आकडा कोणी मोजला, कसा मोजला, हे आपण कधी विचारीत नाही. छापले आहे म्हणजे खरेच असणार, असे धरून चालतो. या विश्वासाची फार मोठी किंमत २००८ साली चीनमधील गोरगरीब आईबापांनी मोजली. ती हकीकत आपल्या प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे, असे आम्हास वाटते.

चीनच्या हेबेई प्रांतात सानलू नावाची मोठी दूध कंपनी होती. तिची पावडर स्वस्त, म्हणून खेड्यापाड्यांतील कष्टकरी कुटुंबे तीच घेत. ती पावडर पिऊन तान्ह्या मुलांची लघवी अडू लागली, मूत्रपिंडात खडे सापडू लागले. तक्रारी २००७ सालापासूनच येत होत्या, पण लोकांना खरी गोष्ट कळली ती सप्टेंबर २००८ मध्ये. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे २ लाख ९४ हजार मुले बाधित झाली आणि ६ बालके दगावली. पावडरमध्ये मेलामाइन होते. मेलामाइन म्हणजे न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या बनविण्यासाठी वापरतात ते रसायन!

आता प्रश्न असा, की दुधात हे रसायन कोणी आणि कशासाठी घातले? याचे उत्तर प्रयोगशाळेच्या एका जुन्या पद्धतीत आहे.

१८८३ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे, कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने धान्यातील प्रथिने मोजण्याची युक्ती शोधली. अन्नाचा नमुना तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचा. त्यातील नायट्रोजन ॲसिडमध्ये बांधला जातो. मग कॉस्टिक सोडा घालून तो अमोनिया वायूच्या रूपाने बाहेर काढायचा, दुसऱ्या ॲसिडमध्ये पकडायचा आणि किती ॲसिड खर्ची पडले यावरून नायट्रोजनचे वजन काढायचे. दूध असेल तर त्या वजनाला ६.३८ ने गुणायचे. आला प्रथिनांचा आकडा! पद्धत स्वस्त आहे, भरवशाची आहे आणि आजही जगभर चालते.

मात्र मेख इथेच आहे. ही पद्धत प्रथिने मोजीत नाही, नायट्रोजन मोजते. तो नायट्रोजन दुधाचा की आणखी कशाचा, हे ती विचारीत नाही.

आम्ही हिशेब खात्यातील कारकून. बेरीज जुळली म्हणजे व्यवहार खरा असे नसते, हे आम्ही रोज पाहतो. खोटी पावती लावली तरी बेरीज जुळतेच! चीनमधील दूध गोळा करणाऱ्या दलालांनी हेच केले. दुधात पाणी घातले की प्रथिने कमी भरत आणि कंपनी दूध नाकारी. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. एक लिटर दुधात १ ग्रॅम मेलामाइन म्हणजे ०.६६६ ग्रॅम नायट्रोजन. त्याला ६.३८ ने गुणा. कागदावर सव्वाचार ग्रॅम प्रथिने वाढली, आणि बाळाच्या पोटात मात्र विष गेले!

ही चोरी पकडता आली नसती काय? आली असती. दुधात ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड घातले की खरी प्रथिने साकळून खाली बसतात. मेलामाइन किंवा युरिया पाण्यातच राहतो. दोन्ही गाळून वेगळे केले आणि त्यांचा नायट्रोजन स्वतंत्रपणे मोजला, की पावती खोटी असल्याचे उघड होते. याहून नेमकी पद्धत लिक्विड क्रोमॅटोग्राफीची. बारीक पूड भरलेल्या नळीतून नमुना दाबाने सोडतात. त्यातील एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र त्याच्या रेणूचे वजन करून तो पदार्थ ओळखते. सानलूच्या पावडरमध्ये किलोमागे अडीच हजार मिलिग्रॅमपर्यंत मेलामाइन निघाले. २०१० साली बाळांच्या पावडरसाठी जागतिक मर्यादा ठरली ती किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे एक टन पावडरीत एक ग्रॅम!

कंपनीच्या अध्यक्षाबाईंना जन्मठेप झाली. पण झाओ लिआनहाय यांचेही ऐका. त्यांचे स्वतःचे मूल आजारी पडले होते. त्यांनी पीडित पालकांना एकत्र केले, भरपाईसाठी आवाज उठविला. २०१० साली त्यांनाच सार्वजनिक शांतता भंग केल्याच्या आरोपाखाली अडीच वर्षांची सजा सुनावण्यात आली!

आपल्याकडे सत्य विचारणाऱ्याच्या पाठीशी संविधान आहे. लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य आहे, असे अनुच्छेद ४७ मध्ये नमूद आहे. ज्या बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आपल्याला पाण्याचा हक्क मिळवून देण्यासाठी लढा दिला, त्यांच्या लेकरांनी दुधाचा हक्क का सोडावा?

आपल्या देशात दुधात युरिया मिसळण्याचे प्रकार घडतात, कारण त्यातही नायट्रोजन भरपूर. घरच्या घरी अंदाज घेता येतो. चमचाभर दुधात अर्धा चमचा तूरडाळीची किंवा सोयाबीनची पूड घालून नीट हलवा. पाच मिनिटांनी त्यात तांबडा लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. कागद निळा झाला तर युरियाचा संशय घ्यावा. मात्र हा केवळ इशारा आहे, पुरावा नव्हे. त्यावरून गवळ्याशी भांडू नये.

पुरावा हवा असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चे कलम ४० वापरा. कोणीही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो. मात्र खरेदीच्या वेळीच दुकानदाराला तसे सांगावे लागते. माल कायद्याविरुद्ध निघाला तर फी परत मिळते. एकट्याला खर्च जड जातो. म्हणून महिला मंडळांनी रविवारी विहारात वंदनेनंतर हा विषय घ्यावा आणि दहा घरांनी मिळून एक नमुना पाठवावा. अहवाल हाती आला की फक्त पास-नापास पाहू नका. काय मोजले आणि कोणत्या पद्धतीने मोजले, हेही विचारा.

केवळ कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. ती विहारापुरती नाही, दुधाच्या पातेल्यालाही तितकीच लागू आहे.

जयभीम!