सांता रोझा रस्त्यावरचे देवदार

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी अल्टाडेना नावाचं गाव आहे. तिथल्या सांता रोझा रस्त्याच्या दुतर्फा शंभराहून जास्त देवदार उभे आहेत. डिसेंबरात ही एक किलोमीटरभर लांबीची रांग रंगीत दिव्यांनी उजळते आणि लोक गाडीचे पुढचे दिवे मालवून सावकाश तिच्याखालून जातात. 1920 साली सुरू झालेल्या या रोषणाईत मोठा खंड पडला तो दुसऱ्या महायुद्धात. एका घराची नाताळची हौस वाढत गेली, बघे वाढत गेले, की ती आपोआप गावाची होते, असं सहसा मानलं जातं. मला ते पटत नाही. बघणारे हजारो असले तरी दिवे एकाचेच राहू शकतात. ते चढवण्याचे, उतरवण्याचे कष्ट आणि त्यांच्यापायी होणारा त्रास किती जणांनी वाटून घेतला आहे, यावर ते कोणाचे हे ठरतं. अल्टाडेनाचे देवदार याचा मला ठाऊक असलेला सर्वांत बोलका पुरावा आहेत.

ही झाडं मुळात एका कुटुंबाची. जॉन वुडबरी या जमीनदाराने इटलीत देवदार पाहिले आणि तो त्यांच्यावर लुब्ध झाला. हिमालयातल्या या झाडाचं बी त्याने कॅलिफोर्नियात रुजवलं आणि 1885 मध्ये रोपं आपल्या नियोजित वाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर लावली. वाडा कधी बांधलाच गेला नाही. वाट मात्र राहिली, तिचा रस्ता झाला, आणि पस्तीस वर्षांत देवदार चांगले उंच झाले. या झाडाच्या फांद्या टोकाकडे खाली झुकतात, त्यामुळे दिव्यांच्या माळा त्यांच्यावर अंगच्याच असाव्यात तशा शोभतात. 1920 मध्ये फ्रेडरिक नॅश या पॅसाडीनाच्या दुकानदाराने तिथल्या किवानिस या सेवाभावी क्लबला हाताशी धरून त्यातली काही झाडं उजळली. नॅशने दिवे स्वतःच्या दारात लावले नाहीत, हे मला या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल वाटतं. मालकाच्या वाड्याविना राहिलेल्या झाडांवर ते लागले, म्हणून पहिल्याच वर्षी त्यांच्यावर कुणा एका घराची पाटी चढली नाही.

पुढे 1956 मध्ये या कामासाठी स्थानिक लोकांची संस्था स्थापन झाली. अल्टाडेनाला स्वतःची नगरपालिका नाही; गावाचा कारभार थेट लॉस एंजेलिस काउंटीकडे असतो. तेव्हा काम सोपवायला पालिकेचे कर्मचारीही नाहीत. शरद ऋतू लागला की स्वयंसेवक शनिवार-रविवारी जमतात, दोर आणि कप्पीने माळा वर ओढतात, गेलेले बल्ब बदलतात. सुमारे दहा हजार दिवे असे हातांनी चढतात आणि नाताळ उलटल्यावर हातांनीच उतरतात. दिवे पेटण्याचा समारंभ एका संध्याकाळचा. त्यामागची मेहनत कित्येक आठवड्यांची. 1990 मध्ये या रस्त्याची अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. ती नोंद रास्तच आहे, पण रस्ता टिकवला तो दोर ओढणाऱ्यांनी.

याच्या अगदी उलट घडलं ते आर्कान्सासमधल्या लिटल रॉक शहरात. जेनिंग्ज ऑस्बोर्न या धनिकाने 1986 मध्ये आपल्या लहान मुलीच्या हट्टापायी घराला हजारभर लाल दिवे लावले. दरवर्षी ते वाढत गेले. त्याने शेजारच्या जागा विकत घेतल्या आणि काही वर्षांत दिव्यांची संख्या तीस लाखांवर गेली. बघायला येणाऱ्या गाड्यांनी हमरस्ता तुंबू लागला. 1993 मध्ये काही शेजारी कोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 1995 पासून हे दिवे फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात लागू लागले, आणि जानेवारी 2016 मध्ये ते तिथेही कायमचे मालवले.

यावर कोणी म्हणेल की ऑस्बोर्नने हजारो मुलांना फुकट आनंद दिला, चार शेजाऱ्यांनी तो हिरावला. ऑस्बोर्नची दानत खरी होती, तिच्याविषयी मला आदर आहे. पण संध्याकाळी आपल्याच घरी पोचता न येणाऱ्या शेजाऱ्याला त्या आनंदात वाटा किती होता? दिवे किती असावेत, किती वाजेपर्यंत असावेत, हे ठरवताना त्याला कोणी विचारलं नव्हतं. सगळा खर्च एकाचा, सगळे निर्णय एकाचे आणि गैरसोय मात्र सगळ्या गल्लीची, अशी ती वाटणी होती. गर्दी अल्टाडेनातही होते. पण तिथे रस्त्यावर राहणारा माणूस दोर धरायला जाऊ शकतो, बैठकीत तक्रार मांडू शकतो. अशा रोषणाईत वीज वाया जाते, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या घडणीचा मोठा बल्ब सुमारे सात वॅटचा. असे दहा हजार म्हणजे सत्तर किलोवॅट. एलईडी लावले तर हा भार अगदी थोडा उरतो, आणि ठरलेल्या वेळी दिवे बंद करायला तर खर्चच नाही. हे उपाय अमलात आणणं जिथे निर्णय अनेकांचा आहे तिथे सोपं जातं, कारण कोणाच्या हट्टाशी झुंजावं लागत नाही.

सामुदायिक कामाचं दुबळेपण मी नाकारत नाही. संस्थेला दरवर्षी माणसं मिळवावी लागतात. जुने थकतात आणि नवे सहजी येत नाहीत. पण या रचनेची परीक्षा 7 जानेवारी 2025 च्या रात्रीने घेतली. ईटन दरीतून पेटलेल्या वणव्यात नऊ हजारांहून जास्त इमारती नष्ट झाल्या, त्यातल्या बहुतेक अल्टाडेनातल्या. देवदारांची रांग बहुतांशी वाचली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, गावातली असंख्य घरं अजून उभी राहायची असताना, तिच्यावर पुन्हा दिवे लागले. एका घराच्या मालकीचे दिवे असते तर ते घर जळाल्यावर हे शक्य झालं नसतं.

दक्षिण कॅलिफोर्नियात बरीच मराठी कुटुंबं राहतात. नाताळात मुलांना घेऊन या रस्त्यावरून चक्कर मारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: पुढच्या खेपेला डिसेंबरची वाट पाहू नका. त्याआधीच्या एखाद्या शनिवारी सकाळी जा आणि आपल्या हिमालयातून तिथे गेलेल्या त्या झाडांवर माळ चढवायला हात लावा.