पाऊस आणि घरावरची डिश

ज्यांच्या घरी डिश अँटेना आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. दुपारभर उकाडा असतो, मग आभाळ काळवंडते, सुसाट वारा सुटतो आणि पहिल्या टपोऱ्या थेंबांबरोबर पडद्यावरचे चित्र चौकोनी तुकड्यांत फुटू लागते. आवाज तुटतो आणि सिग्नल नसल्याची पाटी झळकते. मग घरात तर्क सुरू होतात. कोणी म्हणते डिश हलली, कोणी म्हणते बॉक्स बिघडला, कोणाला रिचार्ज संपल्याची शंका येते, आणि कोणीतरी भर पावसात गच्चीवर किंवा पत्र्यावर चढायला निघते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्वयंप्रभा या शैक्षणिक वाहिन्यांवर व्याख्यान ऐकत बसलेल्या विद्यार्थ्याचा तर विषय ऐन रंगात असताना तुटतो. हे नेमके कशामुळे घडते आणि त्यातले आपल्या हातात किती आहे, हे आता पाहू.

शेवटचे सहा किलोमीटर

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथे त्यांचा फेरा पृथ्वीच्या फिरण्याशी जुळलेला असतो, म्हणून ते आकाशात एकाच जागी खिळल्यासारखे भासतात. दूरदर्शनची फ्री डिश सेवा ज्याच्यामार्फत पोहोचते तो जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे निकोबार बेटांच्या बराच दक्षिणेला, हिंदी महासागरावर आहे. पुण्याहून पाहिले तर तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. महाराष्ट्रातील घरांवरच्या बहुतेक डिश आग्नेयेकडे किंवा तिच्या आसपास तोंड करून का असतात, याचा उलगडा यातून होतो. (डिश इतकी वर पाहत नाही, असे तुम्हांला वाटेल. पण तिच्यासमोरचा एलएनबी मध्यापासून खाली बसवलेला असतो, त्यामुळे ती दिसते त्याहून बरीच वरची दिशा न्याहाळत असते.)

उपग्रहापासून आपल्या छपरापर्यंतचे तिरपे अंतर साडेछत्तीस हजार किलोमीटरांच्या घरात भरते. त्यातला जवळजवळ सगळा प्रवास निर्वात पोकळीतून होतो आणि तिथे ऊन, वारा, पाऊस यांचा प्रश्नच नसतो. वातावरणातही सुमारे पाच किलोमीटर उंचीच्या वर पाणी मुख्यतः बर्फकणांच्या रूपात असते, आणि बर्फ या लहरींना फारसा अडवत नाही. खरी अडचण त्याखालच्या थरात आहे. तिरप्या मार्गाने मोजल्यास हा थर जेमतेम सहा किलोमीटरांचा भरतो. हजारो किलोमीटर सुखरूप आलेला संदेश घराच्या उंबरठ्याशी अडखळतो तो इथे.

या भूमितीचा आणखी एक परिणाम आहे. लहरी तिरप्या येत असल्याने घरापासून आग्नेयेला सुमारे तीन किलोमीटरांच्या पट्ट्यात कुठेही जोरदार सर असली, तरी ती आपल्या वाटेत येते. अंगणात ऊन आहे आणि चित्र मात्र गेले, असे होते तेव्हा बॉक्सला दोष देण्याआधी बाहेर येऊन डिश ज्या दिशेला पाहते तिकडचे आभाळ पाहावे. उलट पश्चिमेकडे कितीही गडगडाट होत असला, तरी चित्र स्थिर राहू शकते.

थेंब आणि लहर

घरगुती डिशसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरी केयू पट्ट्यातील असतात. त्या दर सेकंदाला हजार कोटींहून अधिक कंपने करतात आणि त्यांची लांबी सुमारे अडीच सेंटीमीटर असते. पावसाचा थेंब एक ते पाच मिलिमीटर व्यासाचा. लहरीच्या मानाने तो लहान असला, तरी नगण्य नाही. मोठा थेंब लहरीची काही ऊर्जा इतस्ततः विखुरतो आणि काही स्वतःत शोषून घेतो. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन तर दुसरे किंचित ऋण भाराचे असते. लहरीच्या कंपनांबरोबर हे रेणू वळू पाहतात आणि त्या धडपडीत लहरीची ऊर्जा उष्णतेत बदलते. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापते ते याच गुणामुळे. अर्थात, उपग्रहाकडून येणारी शक्ती इतकी क्षीण असते की पाऊस त्याने तसूभरही तापत नाही.

इथे मराठीने पावसाला दिलेली नावे उपयोगी पडतात. भीज पाऊस, रिपरिप, संततधार, धो-धो पाऊस, वळीव: हे शब्द पाऊस किती पडला यापेक्षा कसा पडतो ते सांगतात, आणि लहरींनाही महत्त्व त्याचेच आहे. ताशी ५ मिलिमीटर वेगाने पडणाऱ्या रिपरिपीत संदेशाच्या शक्तीचा ढोबळमानाने पाचवा हिस्सा जातो आणि चित्रावर ओरखडाही उमटत नाही. पावसाचा वेग ताशी ५० मिलिमीटर झाला, तर नव्वद टक्क्यांच्या आसपास शक्ती वाटेतच संपू शकते. म्हणून कोकणात दिवसभर झिमझिम चालू असूनही दूरचित्रवाणी सुरळीत चालते, आणि मराठवाड्यात वळवाची एक सर दहा मिनिटांत ती बंद पाडते. नुसत्या ढगांचा परिणाम अगदी थोडा होतो, कारण त्यांतले जलकण फार सूक्ष्म असतात.

पावसाचा अपराध इतक्यावर संपत नाही. प्रत्येक उबदार वस्तूप्रमाणे पाऊसही स्वतः क्षीण रेडिओ लहरी बाहेर टाकतो. निरभ्र आकाश या दृष्टीने बरेच शांत असते. पाऊस आला की बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो आणि त्याच वेळी भोवतीचा गोंगाट वाढतो. केबलच्या वायरीत सिग्नल वाढवणारे यंत्र बसवून याचा उपाय होत नाही, कारण ते यंत्र आवाजाबरोबर गोंगाटही तेवढाच मोठा करते.

शेजारच्या घरी केबल चालू आणि आपली डिश बंद, ही तक्रारही नेहमीची. केबलचालक पूर्वापार सी पट्ट्यातील लहरी मोठाल्या छत्र्यांनी झेलत आले आहेत. त्या लहरींची लांबी सुमारे साडेसात सेंटीमीटर असते; थेंब त्यांच्या मानाने फारच लहान पडतात आणि पाऊस त्यांना फारसा जाणवत नाही. मात्र त्यासाठी लागणारी छत्री सामान्य घराच्या खिडकीबाहेर मावणार नाही. आखूड लहरींमुळे डिश हात-दीड हाताची झाली, स्वस्त झाली आणि वाड्या-वस्त्यांवर पोहोचली; पावसातला खंड ही त्या सोयीची किंमत आहे. माझ्या मते सौदा वाईट झालेला नाही.

मुंग्या का दिसत नाहीत?

जुन्या अँटेनावर दूरदर्शन पाहिलेल्यांना पडद्यावरच्या 'मुंग्या' आठवत असतील. संदेश दुबळा झाला की मुंग्या वाढत, पण त्यांतूनही माणसे दिसत, संवाद ऐकू येत. आजचे प्रसारण अंकीय आहे. त्यात चित्र आणि ध्वनी अंकांच्या रूपाने येतात आणि वाटेत झालेल्या चुका बॉक्स स्वतःच दुरुस्त करतो. त्यामुळे निम्मी शक्ती गेली तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. चुका दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या, की मात्र चित्र क्रमाक्रमाने मंदावत नाही, कड्यावरून कोसळावे तसे एकदम जाते. चांगल्या चालणाऱ्या डिशमध्ये अचानक बिघाड झाला असा ग्रह होतो तो यामुळेच.

आपल्या हातात काय?

सर ओसरल्यावर चित्र आपोआप परत आले, तर कोठेही बिघाड नाही आणि तंत्रज्ञाला बोलावून पैसे खर्च करण्याचेही कारण नाही. आभाळ मोकळे होऊन तासभर झाला तरी चित्र आले नाही, तर मात्र वाऱ्याची शंका घ्यावी. साठ सेंटीमीटरची डिश सुमारे तीन अंशांचाच पट्टा टिपते, त्यामुळे ती एक-दोन अंश वळली तरी संदेश हुकतो. दुसरी शक्यता एलएनबीपाशी वायरीच्या जोडात पाणी शिरल्याची. मे महिन्यातच नट घट्ट करून घ्यावेत, गंजलेले बदलावेत, जोडावर जलरोधक टेप गुंडाळावी आणि वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. एलएनबीच्या तोंडावर कुंभारमाशीने मातीचे घर केले नाही ना, आणि गेल्या वर्षी ठेंगणे असलेले आंब्याचे झाड आता डिशच्या आड आले नाही ना, हेही पाहावे. ओली पाने या लहरींना चांगलीच अडवतात. निरभ्र दिवशी बॉक्सच्या मेनूमध्ये दिसणारा सिग्नलच्या गुणवत्तेचा आकडा वहीत टिपून ठेवला, तर पावसाळ्यानंतर तुलना करता येते. साठऐवजी नव्वद सेंटीमीटरची डिश सव्वादोन पट शक्ती गोळा करते. मध्यम सरींना ती पुरून उरते, मुसळधार पावसापुढे तिचाही निभाव लागत नाही.

विजा चमकत असताना छपरावर मात्र मुळीच जाऊ नये. वीज चित्र घालवत नाही, ते काम तिच्यासोबतची सर करते. पण उंचावर, ओल्या पत्र्यावर, लोखंडी खांबाशी झटापट करणाऱ्या माणसाच्या जिवाला ती घातक ठरू शकते. वादळ जवळ येण्यापूर्वीच बॉक्सचा प्लग आणि डिशकडून आलेली वायर, दोन्ही काढून ठेवावीत.

राहता राहिले बुडालेले व्याख्यान. चित्र घालवणाऱ्या जोरदार सरी बहुधा काही मिनिटांत पुढे सरकतात. शिवाय स्वयंप्रभा वाहिन्यांची योजनाच अशी आहे की रोज किमान चार तासांचा नवा मजकूर प्रसारित व्हावा आणि तो त्याच दिवशी आणखी पाच वेळा दाखवला जावा. वाहिनीचे वेळापत्रक उतरवून घेतले असेल, तर तुटलेला भाग त्याच दिवशी पुन्हा ऐकता येतो.