जठराची साक्ष

शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहावे, हा दंडक घरोघरी ठाऊक असला तरी तो कशासाठी, हे रुग्णाला क्वचितच कोणी समजावून सांगते. जागेपणी घास वाकड्या वाटेने गेला तर ठसका लागून श्वासनलिकेचे रक्षण होते. भुलीच्या अंमलाखाली मात्र हा पहारा उठतो आणि जठरातील अन्न किंवा आम्ल वर येऊन फुप्फुसांत उतरण्याचा धोका असतो. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९३२ ते १९४५ या काळातील ४४,०१६ गर्भवतींचे दप्तर तपासून अशा ६६ घटनांचा वृत्तांत १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील दोन स्त्रिया घट्ट अन्नाने श्वासमार्ग बुजून दगावल्या होत्या.

पुढे नियम ठरले: जड जेवणानंतर आठ तास, हलक्या आहारानंतर सहा, पाण्यासारख्या नितळ पेयानंतर दोन. परंतु ज्याच्या मधुमेहाने जठराच्या मज्जातंतूंना इजा पोहोचली आहे, जो अपघाताच्या वेदनेने तळमळत आहे, किंवा जो वजन घटविण्यासाठी सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन घेत आहे, अशा रुग्णाचे जठर घड्याळाचा हुकूम मानीलच असे नाही.

अशा वेळी प्रत्यक्ष जठरालाच साक्षीस बोलावण्याची तजवीज टोरंटोच्या भूलतज्ज्ञ अनाही पर्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने पद्धतशीर झाली. रुग्णाला उजव्या कुशीवर वळविले म्हणजे जठरातील ऐवज त्याच्या खालच्या भागात उतरतो. मग छातीच्या मधल्या हाडाखाली जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब उभा धरला की यकृताचा डावा खंड आणि स्वादुपिंड यांच्यामध्ये, महाधमनीच्या पुढे, तो भाग दिसू लागतो. रिकामा असेल तर चपटा किंवा एकात एक वर्तुळांसारखा. द्रव असेल तर फुगलेला आणि आत काळा. नुकतेच जेवण झाले असेल तर अन्नात मिसळलेल्या हवेमुळे दुधी काचेसारखा धूसर. द्रवाच्या बाबतीत या छेदाचे क्षेत्रफळ आणि रुग्णाचे वय यांवरून गणित मांडता येते: पन्नाशीच्या रुग्णात दहा चौरस सेंटिमीटर भरले तर आत सुमारे १०९ मिलिलिटर द्रव आहे. वजनाच्या दर किलोमागे दीड मिलिलिटरपर्यंतचा द्रव सामान्यतः निर्धोक मानतात; म्हणजे साठ किलोच्या त्या रुग्णाची मर्यादा नव्वदच. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर ती पुढे ढकलावी. तातडीची असेल तर जठर भरलेले आहे असे धरून नळी घालून श्वासमार्ग त्वरेने सुरक्षित करावा.

ही तपासणी काही मिनिटांची आणि वेदनारहित आहे. तिच्यासाठी सराव मात्र लागतो. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यान्वये सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती असलीच पाहिजे. तरीही रीतसर नोंदलेले यंत्र भूलतज्ज्ञाच्या हाताशी असावे, याची तरतूद प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्र असो वा नसो, वाचकहो, भूलतज्ज्ञाने विचारल्यावर सकाळी घेतलेला अर्धा कप चहा आणि चालू असलेले प्रत्येक औषध निःसंकोच सांगा.