झांबियाची कर्जमाफी : फुकटचा पैसा कुणाला मिळाला?

गरीब देशाचं कर्ज माफ केलं की त्याच्या हातात आयता पैसा पडतो आणि पुढारी तो खाऊन टाकतात, हा समज काही केल्या जात नाही. मुळात माफीत रोकड मिळत नाही. देशाबाहेर जाणारा हप्ता थांबतो. तोही सहजासहजी नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या १९९६च्या कर्जमाफी योजनेत आफ्रिकेतल्या झांबियाला २००० साली तत्त्वतः मंजुरी मिळाली, पण पूर्ण माफी पदरात पडायला एप्रिल २००५ उजाडलं. मधल्या काळात खर्चाला कात्री लावा, सरकारी व्यापारी बँक खासगी हातांत द्या, अशा अटी होत्या. खिरापत अशी वाटत नाहीत! माफीनंतर, एप्रिल २००६मध्ये, झांबियाने ग्रामीण सरकारी दवाखान्यांतलं शुल्क रद्द केलं. योजनेआधी असे देश आरोग्य आणि शिक्षण मिळून जेवढा खर्च करत, त्याहून किंचित जास्त कर्जफेडीवर घालवत, असं खुद्द नाणेनिधी सांगतो.

आयता पैसा कुणी कमावला असेल, तर तो दुसऱ्याच कुणी. १९७९ साली झांबियाने ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं घेण्यासाठी रुमानियाकडून सुमारे दीड कोटी डॉलर उसने घेतले. ते थकलेलं येणं ‘डोनेगल इंटरनॅशनल’ या कंपनीने १९९९मध्ये जेमतेम ३३ लाखांना विकत घेतलं आणि झांबियावर साडेपाच कोटींचा दावा ठोकला. लंडनच्या न्यायालयाने २००७ साली सुमारे दीड कोटी डॉलर देववले. अशा दाव्यांना लगाम घालणारा कायदा ब्रिटनने २०१०मध्ये केला.

‘माफी दिली तरी पुन्हा बुडालेच ना?’ बुडाले; नोव्हेंबर २०२०मध्ये झांबियाने रोख्यांचा हप्ता चुकवला. पण २०१५च्या रोख्यांवर धनकोंनी ८.९७ टक्के व्याज लावलं होतं, ते जोखमीपोटीच. जोखमीचे पैसे घ्यायचे आणि ती खरी ठरली की नीतीचे धडे द्यायचे, हा अजब न्याय.

‘सगळं कर्ज चीनचंच.’ चीन मोठा धनको खरा, पण रोखेधारकांचे सुमारे ३०० कोटी डॉलर होते. त्यांच्याशी तडजोड व्हायला २०२४ उजाडलं.

‘माफी ठरवणाऱ्या नाणेनिधीत तरी सर्व देश समान.’ मतं आर्थिक वाट्यानुसार मिळतात. अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मतं आहेत, भारताकडे अडीच टक्क्यांच्या आसपास. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात, म्हणजे एकटी अमेरिका ते अडवू शकते.

‘जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा खडकीत जन्मले, म्हणजे भारताचं वजन वाढलं.’ बंगा अमेरिकी नागरिक आहेत, आणि त्यांचं नाव सुचवलं अमेरिकेनेच.